उदक सोडून दिलेली गाय

क्रोध हा शत्रू आहे असे मला बालपणी शिकवले गेले, आणि पुढे मीही विद्यार्थ्यांना तेच शिकवले. तरीही एक क्रोध मी आयुष्यभर जवळ बाळगला आहे, आणि तो टाकून द्यावा असे मला या वयातही वाटत नाही. त्याचे कारण एक गाय आहे.

आमचे गाव जऊळक्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. गोदातीरीच्या पाठशाळेतले अध्ययन संपवून मी परतलो तेव्हा वडील थकले होते, म्हणून गावाचे उपाध्येपण आणि मारुतीच्या पारावरचे पुराणवाचन माझ्याकडे आले. गावच्या पाटलांना शंकरपटाचा नाद होता. ज्वारी घरात आली, कापसाची वेचणी सरत आली की माघात ठिकठिकाणी बैलजोड्यांच्या शर्यती लागत. जोडी मालकाची; पण हलक्या छकड्यावर बसून, कासरे मुठीत धरून ती पटावरून काढायची ती धुरकऱ्याने. चांगला धुरकरी आपल्याकडे यावा म्हणून मालक एकमेकांवर चढ करीत. कोणी भरजरी फेटा बांधी, कोणी चांदीचे कडे घाली.

आमच्या पाटलांची जोडी ऐन पटावर बिथरू लागली होती. गोदान करा, बैलांची पीडा जाईल, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवले. त्याच सुमारास त्यांनी रिठदकडचा एक तरुण धुरकरी हेरला. त्याला ना शेत ना वाडी. नवे लग्न झालेले. पण हात असा की बैल त्याच्या बोटांचे ऐकत. पाटलांनी दोन्ही कामे एकाच दिवशी उरकायचे ठरवले. धुरकऱ्याला गावात राहायला जागा दिली आणि एक दुभती गाय मारुतीसमोर त्याला दान देण्यासाठी मला बोलावले.

परंपरेने गोदान कोणाला द्यावे याचे नियम निराळे आहेत. तरी गाय गरिबाच्या दारी गेली तर देव रुसणार नाही असे माझ्या मनाने घेतले. एक गोष्ट मात्र मी आधी विचारून घेतली.

"पाटील, हे दान आहे की कामाची बोली? बोली असेल तर चार माणसांत करा. तिला माझ्या मंत्रांची गरज नाही."

"दान, महाराज, दान!" पाटील म्हणाले. "बोलीची गाय देवापुढं कायले आनू मी?"

मी संकल्प सांगितला. पाटलांनी गायीचे शेपूट धुरकऱ्याच्या हाती देऊन त्यावर पळीने उदक सोडले, आणि 'ही आता माझी नव्हे' हे शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारले.

पुढचे काही माघ पाटलांचेच होते. जोडी जिंके, पाटील मिरवणुकीत पुढे चालत, आणि हे सारे गोदानाचे फळ असे भेटेल त्याला सांगत. धुरकऱ्याच्या घरी दूध होते, पुढे गाय व्याली आणि एक कालवडही झाली. त्याची बायको सकाळी दूध घेऊन जऊळक्याच्या स्टेशनवरच्या चहावाल्याकडे जाई. घरातले मीठ-मिरची त्यावर चाले.

मग एका पटावर छकडा उलटला. धुरकऱ्याचा उजवा हात चाकाखाली आला. हाडवैद्याने बांबूच्या खपाट्या बांधल्या, लेप लावले. परंतु मनगट वाकडेच बसले आणि मूठ मिटेनाशी झाली. ज्याची मूठ मिटत नाही त्याने कासरे कशाने धरावेत? होळीच्या आधी तो पाटलांच्या ओसरीवर गेला आणि नम्रपणे म्हणाला की माझ्याने आता पट होणार नाही, दुसरा माणूस पाहा. पाटलांनी ऐकून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी गाय सोडून न्यायला धुरकऱ्याच्या दारात उभा राहिला. बायकोने खुंट्याला मिठी मारली आणि सोडली नाही. तेव्हा पाटलांनी पारावर माणसे जमवली आणि मला साक्षीला बोलावले. धुरकऱ्याचे घर त्या गायीवर उभे होते, हे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

"महाराज, तुमीच सांगा यायले," पाटील म्हणाले. "गाय कायच्यासाठी देल्ली? छकडा हाकासाठी. आता हाकनंच नाई, तं गाय कायची?"

"पाटील, हात तुमच्याच छकड्याखाली मोडला," धुरकरी म्हणाला. "मी दुसऱ्याच्या जोडीवर थोडाच बसून राह्यलो?"

"हात तुह्या मोडला. त्यात माह्या गायीचा काय गुन्हा?"

काही माणसे हसली. पारावर बसलेला एक म्हातारा, जो पाटलांनाही भीत नसे, म्हणाला, "बरं हाय पाटील. मंग इतक्या वरसाचं शेनबी घेऊन जा. उकिरडा तसाच हाय, पोते तेवढे तुमचे आना."

हशा वाढला तसे पाटील लाल झाले. मला मात्र हसू येईना. मी जे जाणत होतो ते कोणाच्याही सोयीसाठी लपवणे मला शक्य नव्हते, म्हणून दोन्ही बाजू मांडल्या. कामाचे वेतन म्हणून आधी दिलेली वस्तू, घेणाऱ्याने कामच केले नाही तर, परत मागता येते असे शास्त्र मानते. हा मनुष्य अधिक लोभाने दुसऱ्या मालकाकडे गेला असता, तर गाय सोडून दे असे मीच त्याला सांगितले असते. पण इथे काम झाले आहे, आणि ते करतानाच हात गेला आहे. शिवाय ही गाय वेतन नव्हती. ती दान होती. दिलेले दान हिरावून घेणे हा चोरीहून हलका दोष नाही.

"आणि पाटील," मी शेवटी म्हटले, "ती बोलीच होती असे तुमचे म्हणणे असेल, तर याच मारुतीसमोर सांगा की मी दान केले नव्हते. मग त्या दानाचे पुण्यही तुमचे नाही. पुण्य आणि गाय, दोन्ही तुमच्या दावणीला बांधता येणार नाहीत."

मला वाटले होते, देवाच्या दारात कोणीही हिंदू मनुष्य या प्रश्नापुढे थांबेल. पाटील थांबले, पण पागोटे सारखे करण्यापुरतेच.

"मंग नाई केलं दान, असं समजा," ते म्हणाले. "पुन्याचं पुढं पाहून घेऊ. गाय चांगली पाच शेर दूध देऊन राह्यली."

आजही ते वाक्य आठवले की माझे कान तापतात. पाप करून मनुष्य लपवतो, त्या लपवण्यात धर्माविषयीचे भय तरी शिल्लक असते. इथे एका धनवंताने देवापुढे दिलेला शब्द, भाजीवाल्याने तागडीतली वांगी बदलावीत तसा सहज बदलला, आणि पारावरची माणसे खाली पाहत राहिली. त्यांच्यातले निम्मे त्याच्या शेतावर राबत होते, त्यांना मी काय दोष द्यावा? पण एका गरिबाचे तारुण्य, त्याचे मनगट आणि त्याच्या हातची कला उपभोगून झाल्यावर, त्याला पहिल्या दिवशी प्रेमाने दिलेले तेवढे परत मागायचे, ही कोणती रीत? मग त्याचा हात कोण परत करणार होते? काम सोडून निघालेल्या माणसाकडून मागण्यासारखे काही असेलच, तर तो आशीर्वाद.

पाराच्या कडेला बसलेली धुरकऱ्याची बायको उठली, घरी गेली आणि गायीला शिंगाला धरून पारापाशी घेऊन आली. गळ्यात दावे नव्हते.

"गाय तुमची म्हनता, घेऊन जा. दावं आमचं हाय."

पाटलांचा गडी दोरी शोधत इकडेतिकडे पाहू लागला. पाटील म्हणाले, "अन् कालवड?"

"कालवड माह्या दारात जलमली," ती म्हणाली. "तिच्यावर पानी कोनी सोडलं नवतं, अन् तिच्यासाठी कोनी झूट बी बोललं नाई. तिले हात लावून पाहा."

पाटील माझ्याकडे पाहू लागले. "कालवड तिची आहे," मी म्हटले, आणि इतक्या मोठ्याने म्हटले की माझे मलाच नवल वाटले. म्हातारा उठून त्या बाईच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मग आणखी दोघे-तिघे. पाटील गाय घेऊन गेले. कालवड राहिली, पण ती दूध द्यायला लागेपर्यंत त्या घराने काय खाल्ले ते मी पाहिले आहे. धुरकरी डाव्या हाताने रात्रंदिवस राखणीची कामे करी.

पुढच्या माघाआधी पाटलांनी शिरपूरकडचा नवा धुरकरी आणला आणि पुन्हा मारुतीसमोर फेटा, नारळ, गाय असा थाट मांडून मला निरोप पाठवला. मी जाणार नव्हतोच. पण ऐकवायचे ते तोंडावर ऐकवावे म्हणून गेलो. बोलण्याची वेळच आली नाही. मला पाहताच तो तरुण हात जोडून पुढे आला.

"महाराज, तुमाले नमस्कार. पन पानी नका सोडू. या पाटलाची गाय नको मले. दर शनवारी रोकडी मजुरी, अन् तेबी छकड्यावर बसायच्या आंधी."

पाटलांनी चारचौघांत तिथेच खिशात हात घातला.