गॅसवरची नानकटाई

आमच्या खानदानात आजवर लिहिलं गेलेलं एकमेव मराठी साहित्य म्हणजे बेकरीच्या दारावरची पाटी : ‘पाव संपले. विचारू नये.’ (तीही अब्बांनी समोरच्या शाळेतल्या मास्तरांकडून लिहून घेतली, म्हणजे खरं तर आमची नाहीच.) अशा घरातला मुलगा आठवणी लिहायला बसलाय, त्याबद्दल वाचकांनी आधीच माफ करावं. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. त्याचा तोटा असा, की कॉलेजात जे शिकवतात ते मी घरी येऊन खरोखर सांगतो.

दुसऱ्या वर्षाला मला प्रकल्प मिळाला : ‘नैसर्गिक वायू : ऊर्जा आणि गुंतवणूक’. आठवड्याभरात मी वेडा झालो! धूर नाही, राख नाही, लाकडाच्या गाडीची वाट बघणं नाही. जमिनीखालून पाइपने गॅस येणार, पाण्यासारखा! (पाण्यापेक्षा बरा. पाणी आमच्या पेठेत सकाळी थोडा वेळच दर्शन देतं.)

“अब्बा, पुढचा जमाना गॅसचा आहे!”

“माझा मागचा सगळा लाकडावर गेला. वाईट गेला का?”

“तसं नाही. पण एका गॅस कंपनीचे शेअरसुद्धा निघतायत. भट्टीत गॅस, बचतही गॅसमध्ये!”

अब्बांनी पिठाचे हात झटकले. “बेटा, एका घरात एक वेड पुरे असतं.”

पण मी दोन्ही वेडं लावून धरली. शेवटी गॅसची फिरती भट्टी आली. कपाटाएवढी, आत ट्रेंची उभी चळत गोल फिरते आणि पंखा गरम हवा फेकतो. शेअरचा अर्जही अब्बांच्या नावाने भरला आणि तेवढी रक्कम, शेअर मिळतात की नाही याचा निकाल लागेपर्यंत, बँकेने खात्यातच अडकवून ठेवली. अब्बांनी अट मात्र एकच घातली.

“दिवाळीत बघू. एकाही बाईने तोंड वाकडं केलं, तर लाकूड परत. आणि पुन्हा मला कॉलेजचं काही सांगायचं नाही. कधीच नाही.”

हे ‘कधीच नाही’ मला फारच महागात पडणार होतं. कारण घरात मला दुसरं काही सांगताच येत नाही!

आता दिवाळीचं सांगतो. आमच्याकडे बायका पीठ, पिठीसाखर, तूप घरून आणतात, बेकरीत नानकटाई वळतात आणि भाजून घेऊन जातात. लाकडाच्या भट्टीत अब्बा एका घराचा माल भाजून संपवत आणि मगच दुसऱ्याचा घेत. बाकीच्या बायका बाकावर बसून भाव, सुना आणि गुडघे यांवर बोलत. मला हा वेळेचा भयंकर अपव्यय वाटला. मी सहा घरांचे बारा ट्रे एकदम आत सारले! गोंधळ नको म्हणून प्रत्येक ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवली. (कागदाची. पंखा असलेल्या भट्टीत. मी पहिल्या वर्गात पास झालेला विद्यार्थी आहे.)

भट्टी फिरत होती तोवर मी सगळ्यांना गॅसचं भवितव्य समजावलं. इकडे बाकावर तुपाचं चाललं होतं. सबनीस काकू म्हणाल्या, “आमच्याकडे साजूक तुपाशिवाय काही होतच नाही.” शिंदे वहिनींनी लगेच सांगितलं, “माझं तर माहेरचं हाय, कात्रजच्या पलीकडनं आणलंय, घरच्या म्हशीचं!” मग उरलेल्या चौघींचंही तूप साजूकच निघालं.

घंटा वाजली. मी ऐटीत दार उघडलं. नानकटाई सुरेख फुगली होती, एकीलाही डाग नाही! आणि सगळ्या चिठ्ठ्या भट्टीच्या तळाशी एका कोपऱ्यात गुण्यागोविंदाने जमल्या होत्या.

“आमचे कुठले?” सहा आवाज एकदम आले.

“वासावरून ओळखू,” मी सुचवलं. आयुष्यात यापेक्षा वाईट सूचना मी केलेली नाही! कारण साजूक तुपाचा दरवळ बारापैकी चारच ट्रेंना होता. बाकीचे आठ वनस्पती तुपाचे, अगदी उघडउघड. आणि सहाही जणींनी त्याच चार ट्रेंना हात घातला!

“हा माझा!”

“अहो, सोडा, तुटेल ना!”

“तुटू दे, माझ्याच हातात तुटेल!”

आठ ट्रे अनाथासारखे टेबलावर बसून होते. त्यांच्याकडे कुणी बघेना. तेवढ्यात अब्बा आतून आले. त्यांनी एकदा नाक ओढलं, सहा चेहरे पाहिले आणि हात जोडले.

“ताई, चूक आमची आहे. भट्टी नवीन आहे. गॅसमुळे काही ट्रेंमधल्या तुपाचा वास उडतो.”

“तेच म्हटलं मी!” सहा जणींचा जीव भांड्यात पडला. इथे प्रकरण मिटलं होतं. पण मी तिथेच उभा होतो ना!

“अब्बा, हे शक्यच नाही! गॅसने साजूक तुपाचं वनस्पती होऊच शकत नाही!”

सबनीस काकूंनी चष्मा काढून पुसला.

“म्हणजे तुला म्हणायचंय तरी काय? स्पष्ट बोल हो. आम्ही ऐकतोय.”

अब्बांचा पाय माझ्या पायावर पडला. पूर्ण वजनाने.

“गॅस... वाईट आहे,” मी म्हणालो.

मग अब्बांनी बाराही ट्रेंमधली नानकटाई एकत्र करून सारखी वाटली आणि सगळ्या समाधानाने घरी गेल्या. जाताना वहिनी फोनवर भावाला बजावत होत्या, “गॅसची लाइन अजिबात घेऊ नको! तूप ओढून घेती ती!” दुसऱ्या दिवशी पेठेत पक्की बातमी होती, की ओढलेलं तूप पाइपने थेट कंपनीत जातं. अब्बांनी मुकाट्याने लाकडं मागवली आणि नानकटाई जुन्या भट्टीत गेली. माझ्याशी ते फक्त पावांबद्दल बोलत. एकच आशा उरली होती : शेअर!

दिवाळी संपली आणि एका दुपारी अब्बांनी फोन पुढे केला. “बँकेचं काहीतरी आलंय. वाच.”

मी वाचलं. “शेअर लागले नाहीत, अब्बा. मागणारे फार होते. आपल्याला एकही नाही मिळाला.”

“आणि पैसे?”

“मोकळे झाले. खात्यातच आहेत.”

“सगळे?”

“सगळे.”

अब्बा ताडकन उठले, बाहेर गेले आणि शेजारच्या सायकलवाल्याला हाक मारून म्हणाले, “अहो, ऐकलंत का? पोराने शेअरबाजारात हात घातला आणि एक रुपया बुडू दिला नाही! कॉलेजात उगाच नाही जात!” मग आत येऊन, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याजवळ बसले. “बोल, आता पुढे काय शिकवतायत?”

मी सांगायला लागलो. आमच्या घराण्यातून शेअरबाजाराच्या दारापर्यंत पोचलेला मी पहिलाच माणूस. आणि माझी आजवरची सर्वांत मोठी कमाई हीच, की बाजाराने मला आत घेतलं नाही!