धरणाच्या रस्त्यावरचे नवे हेडलाइट

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचते. खरं सांगायचं तर त्यातल्या चुका काढायला वाचते. खोलीत कुणीच नव्हतं, तर किंकाळी ऐकली कुणी? ड्रायव्हर जागीच गेला, तर त्याला काय दिसलं हे सांगितलं कुणी? असले प्रश्न मला आधी पडतात. भीती नंतर… बहुतेक वेळा नाहीच. त्यात माझा धंदाच तो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यानं "चालतंय" म्हटलं की "दाखव" म्हणायचं, याचाच मला पगार मिळतो.

शिवाय घरचं वळण. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्याकडचे नवस, अंगारे, उतारे सगळे एकदम बंद झाले. बाबा त्याच शिस्तीत वाढले. मी लहानपणी अंधाराला घाबरले की ते म्हणायचे, "जा, बघून ये आणि काय दिसलं ते सांग." काहीच दिसायचं नाही. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली "तुम्ही मुळातच घाबरट असाल" अशी कॉमेंट टाकायचे कुणाचे कष्ट वाचतील.

तर — दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यातल्या एकीत मी नोकरीला होते. राहायला आम्ही सिंहगड रोडला, धायरी फाट्याच्या अलीकडे. पहिल्या वर्षाच्या पगारातून मी एक छोटी सेकंडहँड गाडी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली गाडी. बाबा पाटबंधारे खात्यातून नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी साठीत ड्रायव्हिंग क्लास लावला आणि माझ्याआधी लायसन काढलं. मग गाडी माझ्या नावावर आणि किल्ली बाबांच्या खिशात, अशी वाटणी आपोआप झाली. मी काय, कंपनीच्या बसनं जायचे.

बाबांना गाडी हवी होती ती एका कामासाठी. खडकवासला धरणाच्या पुढे, डोणज्याच्या बाजूला एका गावातल्या विहारात ते दहावीच्या मुलांना गणित आणि इंग्रजी शिकवायचे. फुकट. आठवड्यातून दोन संध्याकाळी. त्या मुलांना दुसरा क्लास नव्हता आणि बाबांना दुसरं वेड नव्हतं. क्लास सुटेपर्यंत साडेसात व्हायचे, परतीच्या बसचा भरवसा नाही. म्हणजे गाडी बंद तर क्लास बंद, सरळ हिशोब होता.

त्या थंडीत बाबांनी रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला गाडी घासली. डावा आरसा गेला, दार चेपलं. म्हणाले, "सुजाता, दिवेच मिणमिणते आहेत गं. कंदील घेऊन चालल्यासारखं वाटतं."

मला शंका दिव्यांची नव्हती, बाबांच्या डोळ्यांची होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. मी स्पष्ट सांगितलं, "बाबा, किल्ली द्या. क्लासचं काय ते बघू."

"काय ते बघू म्हणजे बंद करू," बाबा म्हणाले. मग बरीच घासाघीस होऊन तह झाला. आधी हेडलाइट चांगले बसवायचे. त्यानंतरही काही गडबड झाली तर किल्ली माझी, आणि बाबांनी एक शब्द बोलायचा नाही.

नाना पेठेतल्या एका वायरमनकडे गाडी नेली. गाडीच्या वायरिंगचं काम करणारी माणसं गिऱ्हाईकाला बाई दिसली की दोन गोष्टी जास्तीच्या बसवतात, असा माझा ठाम समज होता. म्हणून मी स्टूल ओढून समोरच बसले. हेडलाइटच्या आतली चकाकी पार उडाली होती, ती त्यानं मला बोट फिरवून दाखवली. दोन्ही लाइट नवे, जास्त वॉटचे हॅलोजन बल्ब, आणि स्विच जळू नये म्हणून रिले लावून वेगळी वायर. प्रत्येक गोष्टीला मी "हे कशाला?" विचारलं. शेवटी तो म्हणाला, "ताई, उजेड मी देतो. विश्वास तुम्ही घरून आणायचा असतो."

मी बिल लिहून मागितलं.

अंधार पडल्यावर त्यानं गाडी भिंतीसमोर लावली आणि खडूच्या खुणांवर झोत बसवून दिला. मान्य करायलाच हवं, काम चोख होतं. धायरीच्या पुढे मी स्वतः चालवून बघितली. रस्त्याकडेचे पांढरे दगड, बाभळीचे काटे, कुंपणाची तार, सगळं लख्ख. आता बाबांना सबब उरली नव्हती.

पहिल्या क्लासला मी मुद्दाम बरोबर गेले. टेस्टिंगच म्हणा ना. परत येताना बाबा छान चालवत होते. धरणाचं पाणी उजेडात मध्येच चमकत होतं, रस्ता सरळ आणि मोकळा. आणि अचानक बाबांनी डिपर दिला, म्हणजे झोत खाली केला, गाडी हळू केली… आणि थांबवली.

समोर पायी माणूस असेल तर बाबा नेहमीच लाइट खाली घ्यायचे. अर्धं आयुष्य पायी आणि सायकलवर काढलेला माणूस. डोळ्यांवर उजेड मारणं म्हणजे शिवी दिल्यासारखं आहे, असं म्हणायचे. तेव्हा त्यांच्या करण्यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच, की समोर कुणी नव्हतं.

बाबांनी हात जरासा वर केला, "या या" म्हणतो तसा. मग गिअर टाकला आणि निघाले.

"कोण होतं?"

"कोण म्हणजे? तो घोंगडीवाला माणूस. रस्ता ओलांडत होता की."

"बाबा, कुणी नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू खोटं मीच बोलतेय. बाबा थट्टा करत नाहीत. मी विचारलं, "आधी कधी दिसला होता?"

"नाही. आधी उजेडच कुठे होता?" एवढं म्हणून त्यांनी गाडी अगदी हळू चालवली. पार धायरी येईपर्यंत. मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी त्याच्या अंगावरूनच…"

दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम, तुमच्याहून चांगली असेल. मला चष्मा नाही, पण पुण्यातले डॉक्टर, बोलायचेच. डोळे बरे आहेत म्हटल्यावर माझा संशय वर सरकला. डोक्यात काही बिघडत असेल तर? विसराळूपणाची सुरुवात अशीच होते म्हणतात. मला खरंच भीती वाटली… घोंगडीवाल्याची नाही, बाबांना काय होतंय याची. मी किल्ली काढून घेतली. ठरल्याप्रमाणे बाबा एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

क्लास मात्र मी बंद पडू देणार नव्हते. साहेबाशी भांडून त्या दोन दिवशी लवकर निघायची परवानगी मिळवली आणि बाबांना मीच न्यायला-आणायला लागले. पहिल्याच परतीला, त्याच सरळ रस्त्यावर, बाबा म्हणाले, "डिपर दे. थांब."

समोर मोकळा रस्ता. माझे लाइट फुल. खडा पडला असता तर दिसला असता.

"सुजाता, थांब म्हणतो ना!"

मी थांबले नाही. आज याचा निकाल लावायचाच असं मी मनात धरलं होतं. नसलेल्या माणसासाठी एकदा थांबलं की कायम थांबावं लागतं, असं माझं लॉजिक. बाबांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर आपटले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. गाडी सरळ गेली. धक्का नाही, आवाज नाही, काही नाही.

"बघितलंत?" मी म्हटलं.

बाबांनी मागे वळून बघितलं नाही. घरी आल्यावर बूट काढता काढता आईला म्हणाले, "मुलांना निरोप दे, क्लास बंद." मला म्हणाले, "तू चालवणार असशील तर मी त्या गाडीत बसत नाही." त्या रात्री ते जेवले नाहीत.

तीन आठवडे क्लास बंद राहिला. दहावीची परीक्षा तोंडावर आली होती. गावातून फोन यायचे आणि बाबा आईला "घरी नाही म्हण" सांगायचे. आयुष्यात कधी खोटं न बोलणारा माणूस! शेवटी मीच नमले. म्हटलं, तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. मनात मात्र वेगळं होतं. नीट बघून घ्यायचं, आणि मग सरळ मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं.

त्या संध्याकाळी परत येताना तोच रस्ता आला. बाबांनी लाइट खाली घेतले, गाडी थांबवली. आणि त्याच वेळी समोरून सिंहगड पायथ्याकडे जाणारी सिटी बस आली. तिथे स्टॉप नाही, जवळपास घर नाही. तरी बसनंही लाइट खाली घेतले… आणि ती थांबली.

दोन्ही गाड्यांच्या मध्ये रिकामा डांबरी रस्ता. मी डोळे फाडून बघत होते. मग मी रस्ता सोडून माणसांकडे बघितलं. बाबांची मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरत होती, कुणाला जाताना बघावं तशी. बसच्या आतला दिवा चालू होता, ड्रायव्हर स्वच्छ दिसत होता. त्याचीही मान फिरत होती, माझ्या उजव्या हाताकडे. त्याच संथ चालीनं. दोघं एकाच ठिकाणी बघत होते, आणि ते ठिकाण माझ्यासाठी रिकामं होतं. फार वेळ लागला. कंडक्टर मागे खुशाल तिकिटं मोजत होता, कुणी ओरडलं नाही, हॉर्न वाजवला नाही.

बस निघाली. आमच्या शेजारी आल्यावर ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली आणि बाबांना म्हणाला, "जरा दम धरावा लागतो, सर. आता येळ लागतो त्येला."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण संशयाची सवय सुटत नाही. बाबांनीच याला सांगून ठेवलं असेल तर? या रस्त्यानं जाऊन-येऊन दोघांची ओळख होतीच. आणि कानात एक शब्द अडकला होता. 'आता'. आता वेळ लागतो, म्हणजे आधी लागत नव्हता?

मी रजा टाकून दुपारी सिंहगडाच्या पायथ्याला गेले, बसनंच. तो ड्रायव्हर चहा पीत होता. मी कुणाची कोण हे सांगितलं नाही. फक्त म्हटलं, धरणाच्या रस्त्यावर तुम्ही बस थांबवता, कशासाठी?

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुमाला दिसत न्हाय का?"

"नाही."

"आसतात तशी बी मान्सं," तो म्हणाला. सहज, मी उंचीनं कमी आहे असं म्हणावं तसं. "घोंगडीवाला म्हातारा हाय. मी हा रूट घेतल्यापासनं बघतोय. कुनाला तरास न्हाय त्येचा. लाइट खाली घ्यायचा, जाऊ द्यायचं."

"मग आता वेळ का लागतो?"

"आदी चांगला ताठ चालायचा ओ. म्हैना झाला आसंल, लंगडतोय. पाय वढत जातोय पार." त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "कुनीतरी ठोकलंय बिचाऱ्याला. थांबलं न्हाय जनू कुनीतरी."

मी परतीची बस धरली.

माझे डोळे दोन ठिकाणी तपासून झाले आहेत, नजर अगदी नॉर्मल आहे. ड्रायव्हर आणि बाबांची मिलीभगत होती का, याचाही मी कसून तपास केला. त्या संध्याकाळी मी थांबले नव्हते, हे बाबांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ते असं कुणाला सांगत फिरणार नाहीत. मेंदूच्या डॉक्टरांकडे मी बाबांना नेलं नाही… नेऊन काय विचारणार होते? किल्ली त्यांना परत दिली. क्लास पुढे बरीच वर्षं चालला. त्या रस्त्यावर मी पुन्हा गाडी चालवलेली नाही, ज्याला समोरचं दिसत नाही त्यानं चालवू नये.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर सांगा, मी त्यातल्याही चुका काढीन. फक्त एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा आठवून बघते. तेव्हा धक्का बसला नव्हता. खरंच नव्हता. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी गाडीचा पुढचा भाग हात फिरवून बघितला होता, साधा ओरखडाही नव्हता. पण बघावंसं का वाटलं होतं, ते मला अजून सांगता येत नाही.