नाचणीचे पाव

माझ्या सासऱ्यांना भाताशिवाय जेवण म्हणजे जेवणच वाटत नसे. भाट्याच्या खाडीपलीकडे आमचं घर, आणि घराखाली खाजण, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन. ते त्यांनी स्वतः बांध घालून खाऱ्या पाण्यापासून सोडवलेलं. त्यांचं लहानपण डोंगरउतारावरच्या नाचणीवर गेलं होतं. सकाळी आंबील, दुपारी भाकरी, रात्री पुन्हा भाकरी, तीही पोटभर नाही. खाजणात पहिलं भात पिकलं त्या दिवशी त्यांनी सासूबाईंना सांगितलं होतं, "आता माझ्या ताटात काळी भाकरी वाढायची नाय." मी लग्न होऊन आले तेव्हा घरात नाचणी असायची, पण ती आम्हा बायकांच्या न्याहारीला. त्यांच्या पानात ती मी कधी पाहिली नाही.

एका पावसाळ्यात खाडीच्या चिखलात त्यांच्या पायाला कालवाची शिंप लागली. एवढीशी जखम, पण ती भरेना. हळद झाली, झाडपाला झाला, पाय सुजतच गेला. शेवटी त्यांना तरीच्या होडीतून पलीकडे रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि मधुमेह असल्याचं सांगितलं. भात बंद, गूळ बंद, गोडधोड बंद. न चाळलेल्या पिठाची, कोंडा असलेली भाकरी किंवा पाव खायचा.

"मी काय कोंबडा हाय, कोंडा खायला?" घरी येताच ते म्हणाले.

सासूबाईंनी गव्हाच्या पोळ्या केल्या. चामडं चावल्यासारखं लागतं म्हणून त्यांनी त्या बाजूला सारल्या. मग भीत भीत नाचणीची भाकरी वाढली, तेव्हा ते पानावरून उठलेच. पडवीत जाऊन बसले. त्यानंतर ते थोडं कालवण प्यायचे, मासळीचा तुकडा खायचे आणि हात धुवायचे. महिन्याभरात त्यांच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. सासूबाई चुलीपाशी बसून डोळे पुसायच्या. धुरानं पाणी येतं म्हणायच्या.

पावसाळा संपून आगबोटी सुरू झाल्या आणि हे रजेवर घरी आले. हे परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटीवर इंजनात कामाला होते. निदान आम्हाला सगळ्यांना तसंच माहीत होतं. सासऱ्यांना त्याचा फार अभिमान. तरीत बसलं की शेजारी कोणी का असेना, "माझा पोरगा बोटीचं इंजन चालवतो," हे एकदा तरी निघायचंच.

वडिलांची दशा हे दोन दिवस बघत होते. तिसऱ्या सकाळी मी विहिरीवर होते. तिथे येऊन हळूच म्हणाले, "थोडी माडी मिळेल काय कुठे?"

मी चमकून पाहिलं. यांना दारूचं व्यसन नव्हतं. "आता ही सवय कुठून लागली?" मी विचारलं.

"प्यायला नको गं. पीठ फुगवायला हवी. बाबांसाठी पाव करतो."

"तुम्हाला पाव कुठून येतो?"

हे रहाटाला टेकून उभे राहिले. म्हणाले, "मी इंजनात नाही. पहिल्याच सफरीत तिथल्या उष्म्यानं चक्कर येऊन पडलो. मला उचलून बोटीच्या भटारखान्यात आणलं, कारण तो जवळ होता. तिथे माणूस कमी होता. तेव्हापासून मी पीठ मळतो आणि पाव भाजतो. बाबांना सांगायला जीभ रेटली नाही. पोरगा बायकांचं काम करतो, असं त्यांना वाटलं असतं."

"मग आता सांगणार?"

"पाव करायचा म्हटलं की सांगावंच लागेल. लपून थोडाच भाजता येतो?"

त्या दिवशी मी यांच्याकडे नव्यानं पाहिलं, असं म्हटलं तरी चालेल. हा माणूस फार बोलका नव्हता. पण एकदा ठरवलं की डगमगत नसे.

बोटीवरच्या पावात मैदा, साखर आणि चरबी असते, हे म्हणाले, आणि इथे तिन्ही चालायची नाहीत. म्हणून गहू मी जात्यावर दळले आणि चाळण लावली नाही. चरबीऐवजी घाण्यावरचं खोबरेल घेतलं. साखर घातलीच नाही. माडीत जो काही गोडवा उरलेला असतो तो पीठ फुगण्यातच संपतो, असं यांचं म्हणणं. आणि निम्म्याला थोडी कमी नाचणी. नुसत्या गव्हापेक्षा ती पोटाला जास्त धरते आणि आपल्या घरची आहे. पण पहिला घाणा फसला. नाचणीच्या पिठाला चिकटपणा नाही, ते फुगेचना. भाजून निघाले ते जांभ्याचे दगड. सासरे डुलकी घेत होते तेवढ्यात आम्ही ते गुपचूप गुरांना घातले.

सासूबाई हे सगळं दारातून बघत होत्या. लेकानं त्यांना काय ते आधीच सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तिथे वेळेवर जेवायला तरी मिळतं ना तुला?" आता त्या पुढे आल्या. "तांदळाच्या भाकरीला आपण उकड काढतो. नाचणीची पण काढ की. कोरडं पीठ कशाला घालतोस?"

यांनी आईकडे पाहिलं आणि हसलेच. "आये, हे आमच्या बोटीवर कोणालाच सुचलं नसतं."

दुसऱ्या दिवशी उकळत्या पाण्यात नाचणीची उकड काढली. ती निवल्यावर गव्हाच्या पिठात मिसळली. आंबटसर माडी घातली आणि हे परात घेऊन पडवीतच मळायला बसले. आत अंधार होता, त्यांना उजेड हवा होता. पडवीच्या दुसऱ्या टोकाला सासरे पाय लांब करून बसले होते.

यांचे हात कसे चालत होते ते मी कसं सांगू! तळव्यानं पीठ पुढे रेटायचं, बोटांनी मागे ओढायचं, वळवायचं, पुन्हा रेटायचं. खांद्यापासून सगळं अंग त्यात होतं, आणि तरी घाई नव्हती. मघाशी हाताला चिकटणारा तो तपकिरी गोळा हळूहळू गुळगुळीत होत गेला. आम्ही बायका रोज पीठ मळतो, पण असं मळणं मी पाहिलं नव्हतं.

सासरे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "हे कुठे शिकलास?"

"बोटीवर."

"इंजनात पीठ मळतात?"

यांचे हात थांबले नाहीत. "बाबा, मी इंजनात नाय. भटारखान्यात हाय. पहिल्यापासून. तुम्हाला खोटं सांगितलं."

मी आणि सासूबाई दाराआड उभ्या. सासरे काठी घेऊन उठले आणि लंगडत माडांच्या बागेत निघून गेले. यांचा चेहरा उतरला, पण पीठ मळून पुरं केलं. ओलं फडकं घालून ते उन्हाच्या कडेला ठेवलं.

पीठ दुप्पट झाल्यावर लहान लहान गोळे केले. तांब्याच्या टोपाच्या बुडाशी हळदीची पानं घातली, त्यावर गोळे एकमेकांना खेटून मांडले. काकडीचं धोंडस भाजताना करतो तसे टोपाखाली आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवले. थोड्या वेळानं असा वास सुटला की शेजारची बाई कुंपणाशी येऊन विचारून गेली.

सासरे बागेतून परतले तेव्हा पाव सुपात निवत होते. ते स्वतःच पाटावर येऊन बसले. सासूबाईंनी एक पाव आणि बांगड्याचं तिकलं वाढलं. त्यांनी पाव मोडला, नाकाशी नेला.

"नाचणी हाय यात."

"हो," हे म्हणाले. "नको असेल तर..."

त्यांनी हातानंच थांबवलं. तुकडा तिकल्यात बुडवून तोंडात घातला. पहिला घास त्यांनी फार वेळ चावला. मग दुसरा घेतला. मग विचारलं, "बोटीवर किती जणांना करतोस?"

"सगळ्यांना. कप्तानापासून खलाशापर्यंत."

"आणि इंजनातल्या माणसांना?"

"त्यांना जास्त लागतो. उष्म्यात काम असतं ना."

सासरे मान हलवत राहिले. "आमच्या लहानपणी नाचणी अशी मऊ कोणी करून घातली नाय," ते म्हणाले, आणि आणखी अर्धा पाव मागून घेतला. सासूबाईंनी या वेळी धुराचं नाव घेतलं नाही, सरळ रडल्या.

रजा संपेपर्यंत यांनी मला सगळं शिकवलं. माझे पाव बरेच दिवस एका बाजूला बसायचे. "त्याच्यासारखा नाय झाला," असं म्हणत सासरे ते खायचे आणि टाकायचे नाहीत. सोबत मासळी आणि पालेभाजी. भाताकडे ते बघायचे, पण हात लावत नसत. थंडी संपता संपता जखम भरली. डॉक्टरांनी बोटानं दाबून पाहिली आणि काय खाता ते विचारलं. सासऱ्यांनी उत्तर मला द्यायला लावलं.

हे पुढच्या रजेवर आले तेव्हा सासऱ्यांनी पडवीतून एक जड वस्तू ओढत आणली. जुन्या फणसाच्या लाकडाची, आतून गुळगुळीत केलेली, चांगली लांबरुंद काठवट. बसल्या बसल्या त्यांनी स्वतः कोरली होती.

"परात तुझ्या हाताला लहान पडते," ते म्हणाले. "यात मळून बघ."

यांनी काठवटीवरून हात फिरवला. मग आत जाऊन हात धुतले आणि मला गव्हाचं पीठ आणायला सांगितलं.