दिनविशेष आणि वजनकाटे

मुलांनो, मे महिन्यात चांदवडला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. डोक्यावर ओला टॉवेल आणि ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. कांदा मार्केटमधल्या व्यापाऱ्यांना वजनकाटे विकायला ते नाशिकहून निघाले होते. “आज ऑर्डर नाही मिळाली तर नोकरी गेली, मावशी,” असं म्हणाले आणि लगेच मोबाइलवरचा दिनविशेष मोठ्याने वाचू लागले. आजच्या दिवशी कोणता राजा गादीवर बसला, कुठलं जहाज बुडालं, सारं गाडीभर ऐकवून झालं.

मागे बसलेल्या शेतकरीण बाईंना अखेर राहवेना. “दादा, आज अमावस्या हाय. कांद्याचे लिलाव बंद. काटे कोणाला दावता?”

त्यांनी मोबाइल पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. “यात तसं काही दिलेलं नाही.”

“त्यात नसंल. आमच्याकडं लय वर्षांपासून हाय.”

तरी ते मार्केटपाशी उतरले. मीही तिथेच उतरले. फाटकाला कुलूप होतं. त्यांनी टॉवेल काढला, केस विंचरले आणि भर उन्हात फाटकासमोर स्वतःचा फोटो काढला. “पोचलो म्हणून साहेबांना पाठवतो,” म्हणाले. कुलूप फोटोत येऊ नये म्हणून खांदा मात्र नेमका त्याच्यापुढे धरला होता.