सहाव्या मजल्यावरची सोय

धारच्या जुन्या बाजारात राहणं म्हणजे सुख, असं कोणी ऐकवलं की माई म्हणत, मग या राहायला, आमचा जिना चढून दाखवा. नळाला एक दिवसाआड पाणी, दाराखाली उघडी नाली, लग्नसराईत कानाशी डीजे, आणि त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. म्हणून मुलानं, अभिषेकनं, पीथमपूरच्या वाटेवरच्या नव्या टाउनशिपची गोष्ट काढली तेव्हा सगळ्यात आधी हो म्हणाल्या त्या माईच. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर उगाच मुलाला बोल लागतो.

अभिषेक पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात. त्यानं आणि सून किमयानं एका रविवारी दोन्हीकडच्या सोयी पडताळून पाहिल्या. तिकडे वर घरं आणि खाली दुकानं: किराणा, औषधं, बँक, दातांचा डॉक्टर, मंदिरसुद्धा. लिफ्ट होती, चालायला सपाट ट्रॅक होता. इकडे बाजारातही यातलं बहुतेक होतं, पण ते गाठायला दोन गल्ल्या, चार गायी आणि ती नाली ओलांडावी लागे.

माईंनी एवढंच विचारलं, ह्यांच्या फिरण्याचं काय? शरदराव गणिताचे निवृत्त मास्तर. संध्याकाळी फिरून आल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. हल्ली विसरायचे, चष्मा, जेवण, एकदा तर किमयाचं नाव. पण दिवेलागणीला घरात हजर. ह्यांच्या पायांना वाट ठाऊक आहे, असं माई म्हणत, आणि त्या पायांवर त्यांचा पक्का भरवसा होता.

नव्या घरात पहिल्याच आठवड्यात शरदराव परतले नाहीत.

गेटवरच्या गार्डनं सलाम ठोकून फाटक उघडलं होतं. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, मास्तरी आवाज. त्यानं तरी का अडवावं? बाहेर कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या लागतात. शरदराव रांगेत उभे राहिले, रांग चढली तसे चढले. कोणीतरी त्यांना बसायला जागाही दिली. सापडले ते थेट पीथमपूरला, एका कारखान्याच्या भिंतीशी, धोतर ओलं झालेलं, आणि छत्री कोणी नेली कोण जाणे.

बातमी बाजारात पोचली तसे टेलर गोपाळराव भेटायला आले. चहा घेतला, लिफ्टचं कौतुक केलं, मग खाली बघत म्हणाले, "माई, तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?"

"काय?"

"सर दोन वर्षं झाली, आपले आपण परत येतच नव्हते. आम्ही वळवायचो. माझ्या दुकानापासून पानवाला बघायचा, पानवाल्यापासून पुढचा दुकानदार विक्रमसिंह. कोणी म्हणे, सर, हा हिसाब बघा जरा. कोणी बोलत बोलत दोन पावलं बरोबर चाले. तुमच्या जिन्याशी आणून सोडायचं, बस."

"आणि मला कोणी बोललं नाही."

"सरांबद्दल तुम्हाला असं कसं सांगणार? छडी खाल्लीय आम्ही त्यांची."

मोठ्यांची अशी भीड राखणं, लिहाज म्हणतात याला माळव्यात, आणि फार वाखाणतात. या लिहाजापायीच घराची पडताळणी अर्धी राहिली. आपल्या माणसाला कोणी वळवतं आहे हेच ठाऊक नसेल, तर ते सोयींत धरणार कसं?

अभिषेकनं दाराला आणखी एक कुलूप बसवलं. किल्ली माईंच्या कमरेला. गार्डला सांगून ठेवलं, पण गार्ड एजन्सीचे, आज एक तर उद्या दुसरा. समोरच्या दाराआड कोण राहतं ते माईंना अजून कळलं नव्हतं. सामान आणणारे पिशवी दाराशी टेकवतात, बेल दाबतात आणि माणूस दिसायच्या आत लिफ्टमध्ये शिरतात.

संध्याकाळी मुलगा-सून कामावर असत. शरदराव चपला घालून दाराशी उभे राहत. आधी चिडले. मग आतून दार ठोठावू लागले. आणि एके दिवशी अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, दार उघडता का? उशीर झालाय. आमची माई काळजी करत बसेल."

त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. परक्या बाईशी बोलताना भला माणूस जेवढा सभ्य असतो, तेवढा सभ्यपणा होता.

ते पुन्हा दार ठोठावू लागले तशा माईंनी आत जाऊन गोपाळरावांना फोन लावला. तळमजल्यावर कसलीही खोली बघा म्हणाल्या, संडास बाहेर असला तरी चालेल. गोपाळराव म्हणाले, रस्ता चौडा होतोय, भिंतींवर लाल निशाण लागलेत, दसऱ्यापर्यंत आमची पूरी लाइन जाणार. पानवाला तिरला गावी राहायला गेलासुद्धा. विक्रमसिंह तुमच्याच टाउनशिपमध्ये दुकान शोधतोय.

"मग संध्याकाळी तिथे असतं कोण?" माईंनी विचारलं.

"जेसीबी," गोपाळराव म्हणाले.

फोन ठेवताना माईंच्या ध्यानात आलं, दार ठोठावणं थांबलंय. थांबून बराच वेळ झालाय. बैठकीत कोणी नव्हतं. गॅलरीचं सरकतं दार उघडं होतं आणि प्लास्टिकची खुर्ची कठड्याला टेकवलेली होती. शरदराव तिच्यावर उभे होते, पायांत चपला, एक हात कठड्यावर. खाली शिफ्टच्या बसगाड्या लागत होत्या. आपली बस कुठली ते शोधावं तसे ते वाकून बघत होते.

माईंनी हाक मारली नाही. ती कोणाची हे त्यांना कळलं नसतं, नुसते दचकले असते. भिंतीचा आधार सोडून, आवाज न करता, त्या अनवाणी पुढे सरकू लागल्या.