धामणगावच्या कंपाउंडर साहेबांना न पटलेली वेबसाइट

सायकल विकली की गिऱ्हाइकाशी संबंध संपला, असं मानणाऱ्या कोणीही आमच्या धामणगाव बढ्याच्या कंपाउंडर साहेबांना एकदा सायकल विकून पाहावी. असं गिऱ्हाईक साऱ्या वऱ्हाडात दुसरं नाही, आणि असलंच तर देव त्या दुकानदाराला बळ देवो. आमची सायकल कंपनी ती केवढीशी! मोताळ्यात एक शेड, मी आणि तीन कारागीर. चार वर्षांपूर्वी साहेबांनी आमच्याकडून हिरवी सायकल नेली आणि दुसऱ्याच दिवशी, सकाळी आठच्या ठोक्याला, वेबसाइटवरच्या नंबरावर त्यांचा फोन आला. तेव्हापासून तो रोज येऊ लागला; साहेब नंबर साठवून ठेवत नसत, दर वेळी वेबसाइट उघडून तिथलाच दाबत. सारी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेल्यामुळे ते सायकलची तब्येतच सांगत. “मागच्या चाकाले कणकण वाटून राह्यली जी,” नाहीतर, “आज ब्रेकचा घसा बसला.” घरी बैल नाही म्हणून पोळ्याला त्यांनी हँडलला बाशिंग बांधलं, सीटवर झूल टाकली आणि सायकलच मारुतीपर्यंत मिरवत नेली. गाव हसलं. “तुमचे बैल वर्षभर राबतेत, अन् हे काय बसून खाते काय?” असं साहेबांनी उलट विचारलं.

यंदा माझ्या भाचीने वेबसाइट नवी करून दिली. खाली प्रतिक्रियांसाठी एक फॉर्म ठेवला. चिखलीच्या एका मास्तरांनी ‘छान’ लिहिलं, एकाने ट्रॅक्टरच्या टायरचा भाव विचारला, आणि बाकीचे गप्प राहिले. साहेबांना फॉर्म वगैरे मंजूर नव्हता. बाजाराच्या दिवशी ते धामणगावाहून सायकल हाणत थेट शेडवरच आले. वाटेत आमची सायकल दिसेल त्या माणसाला थांबवून, मोबाइलवर वेबसाइट दाखवून, त्यांनी सगळ्यांची मतं कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणली होती. ती त्यांनी उभ्यानेच वाचायला घेतली.

“एवढी पांढरी जागा काऊन सोडली? पडीत वावर वाटते. अन् डोंगरावर सायकल घेऊन उभी हाय ते बाई कोन? तिनं आपली सायकल नेली काय कधी?”

“नाही हो, नुसता फोटो आहे.”

“मंग उतरवा तिले.”

कारागीर खो खो हसत होते. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि जरा दबक्या आवाजात विचारलं, “अन् नंबर कुठी गेला?”

आता खरं सांगतो. नंबर ठेवायचा का, असं भाचीने विचारलं तेव्हा ‘काढून टाक’ असं मीच म्हणालो होतो, आणि त्याला कारण होता तो फक्त सकाळी आठचा फोन. “आजकाल अशीच पद्धत आहे,” असं काहीतरी मी पुटपुटलो.

“माह्यामुळं काढला असन तं सांगा जी,” ते म्हणाले. “घरी एकटाच हावो. सकाळी बोलाले कोनी नसते, म्हनून लावतो. दिवसाआड करीन.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दुपारी भाचीला सांगून नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत घातला. डोंगरावरची बाईही उतरली.

साहेब शब्दाला जागले. आता फोन दिवसाआडच येतो, आणि ‘तुमाले काम असन’ म्हणत दोन मिनिटांत संपतो. मधल्या दिवशी आठ वाजून जातात आणि मला चहा गोड लागत नाही. परवा न राहवून मीच फोन लावला. पलीकडून घाबऱ्या आवाजात ते म्हणाले, “आज तं माहा दिवस नाही जी. काही चुकलं काय?”