भावाच्या वाडीत पुरलेला कुत्रा

आमचा म्हातारा कुत्रा गेला, तेव्हा नालासोपाऱ्यातल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "ताई, आवार सगळ्यांचं आहे. इथे पुरता येणार नाही."

मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "जागा स्वतःची हवी. खड्डा खोल आणि विहिरीपासून लांब घ्या."

स्वतःची जागा भावाकडे होती, वसईची केळीची वाडी. बाबा गेल्यावर हक्कसोडपत्रावर सही करून माझा हिस्सा मीच त्याला दिला होता, तोही हसतहसत.

त्याने कमरेइतका खड्डा खणला. "वाटेल तेव्हा भेटायला ये गं," तो म्हणाला. माझा कुत्रा, आणि भेटायचं आमंत्रण याचं! मला त्याचा इतका हेवा वाटला की आभार मानायचेच राहिले. ते मी दोन दिवसांनी फोनवर मानले.